लाल ठिपका

"बाबा, दाराशी उभा राहू नकोस. मला कळतं."

बाथरूमच्या बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा असलेला काटेवाला दोन पावलं मागे सरला. पण ऐकायचं ते त्याने ऐकून घेतलं होतं. आत स्प्रिंग कुरकुरली, जराशी थरथरली आणि गप्प झाली. सव्वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून आकडा कळायचा. एकाहत्तर. काल एकाहत्तर, परवा एकाहत्तर, आठ दिवसांपूर्वीही एकाहत्तरच.

मग नळ सुरू झाला. नळाच्या आवाजाआड कुणी रडत असलं तर ते ओळखायला काटेवाला असावं लागत नाही, बाप असलं की पुरतं.

त्याची लेक चिमी पंधरा वर्षांची होती. उन्हाळ्यापर्यंत ती रोज संध्याकाळी पोहायच्या तलावावर जायची. जमिनीवर धांदरट असलेली ही मुलगी पाण्यात उतरली की वेगळीच कुणीतरी व्हायची. काठावरच्या बाकावर बसून काटेवाला बघत राहायचा. निळ्या पाण्यात ती लांब लांब हात टाकत जायची, कसलीही घाई नसल्यासारखी, आणि त्याला वाटायचं, आपण जागे आहोत की डुलकी लागलीय? "पाण्यात वजनच नसतं, बाबा," ती म्हणायची. आणि एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "सरका गं, ट्रक आला!" सगळ्या हसल्या. चिमीही हसली म्हणे. घरी येऊन तिने पोहायची पिशवी खुंटीला अडकवली, ती तिथेच राहिली. तेव्हापासून सकाळी अर्धं सफरचंद, दुपारी उरलेलं अर्धं, संध्याकाळी बिनदुधाची कॉफी. आणि इमारतीचे चार मजले, वर-खाली, वर-खाली, छाती फुटेपर्यंत.

"अहो, तो काटा उचला आणि भंगारात द्या," बायको शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली. ती घरीच शिवणकाम करायची. "सवत आणून ठेवल्यासारखं झालंय घरात. उठल्याबरोबर आधी त्याचं तोंड बघायचं."

"काट्याचा काय दोष त्यात?"

"नाहीच मुळी. दोष माझा. वजनवाल्याशी लग्न केलं." तिने दोरा दाताने तोडला. "पोट सुटलंय तुमचं, आणि उपास करतेय ती!"

काटेवाल्याने पोट आत ओढलं. ते काही फार वेळ आत राहिलं नाही.

चिमी बाहेर आली. डोळे लाल, केस ओले. टेबलावर आईने उकडलेलं अंडं, पाव आणि दूध ठेवलं होतं. तिने खुर्चीवरचं दप्तर उचललं.

"निदान अंडं तरी खा," तो म्हणाला.

"आठ दिवस उपाशी राहून काटा तसूभर हलला नाही, बाबा. अंडं खाल्लं तर काय होईल, विचार कर." आणि दारातून वळून म्हणाली, "एकदा, फक्त एकदा तो आकडा खाली गेला ना, की मी जेवीन. देवाशप्पथ."

हे वाक्य काटेवाल्याच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिलं.

त्याच्या कामाची पेटी लाकडी होती. आत मखमलीच्या खोबणीत पितळेची वजनं झोपलेली असायची, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. त्यांना तो उघड्या हाताने शिवायचा नाही, कारण बोटांचं तेल लागलं तरी त्याचं वजन होतं. त्याच्या गाडीत मागे दोन लोखंडी वजनंही असत, वीस-वीस किलोंची, आणि पेटीच्या कोपऱ्यात एक नेलपॉलिशची बाटली. काटा तपासून झाला, की आतल्या स्क्रूच्या डोक्यावर तो गडद लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावायचा. स्क्रू कुणी फिरवला तर ठिपका फुटतो आणि लबाडी उघडी पडते. नवी गिऱ्हाइकं त्या बाटलीला हसायची, जुनी हसायची नाहीत. लाल ठिपका आहे म्हणजे काटा खरा, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. एका दुकानदाराने एकदा त्याला चहा पाजून, पाठीवर हात फिरवून सुचवलं होतं, की काटा किलोमागे वीस ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर कुणाचं काय बिघडतं? काटेवाल्याने चहाचा कप तसाच भरलेला ठेवला आणि पेटी उचलली. त्याच्या आयुष्यातला पराक्रम म्हणावा असा तेवढाच.

नाही, अजून एक होता. चिमी जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर त्याचा विश्वास बसेना. घरी आणल्यावर त्याने दुकानातला मोठा तराजू झाडून-पुसून काढला, एका पारड्यात दुपटं घडी करून घातलं आणि त्यात तिला ठेवलं. दुसऱ्या पारड्यात पितळी वजनं, एकेक करून. दोन किलो सातशे ग्रॅमला दोन्ही पारडी अधांतरी थांबली. खिडकीतून ऊन येत होतं, हवेत धुळीचे कण तरंगत होते, आणि ते एवढंसं पोर हवेत हलकेच झुलत टकामका बघत होतं. त्या क्षणी जगात सगळं बरोबर होतं, एक गुंजही इकडे-तिकडे नव्हती. त्याला ते अजून स्वप्नात दिसायचं.

त्या दुपारी घरी कुणी नव्हतं. बायको शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. काटेवाल्याने बाथरूममधला काटा उचलून मांडीवर उलटा घेतला. शून्याला त्याने हात लावला नाही, शून्य हललं तर शेंबडं पोरही ओळखेल. आत खोलवर एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा सैल केला, की काटा रिकामा असताना शून्यच दाखवतो, पण वर माणूस उभं राहिलं की किलो-दोन किलो गिळून टाकतो. त्याने स्क्रू पाव वळसा फिरवला. स्वतः उभा राहिला, उतरला, पुन्हा जरासा फिरवला. पोरगी उद्या एकोणसत्तर बघेल, हसेल, जेवेल. मग हळूच स्क्रू जागच्या जागी. त्यात काय एवढं?

आणि मग, सव्वीस वर्षांची सवय, त्याच्या हाताने आपण होऊन बाटली उघडली, जुना ठिपका खरवडला आणि स्क्रूवर नवा लाल ठिपका लावला. काटेवाला त्याकडे बघत बसला. पुसावा असं त्याला वाटलं. पण ठिपका तोवर वाळला होता.

दुसऱ्या दिवशी बाथरूममधून किंकाळीच आली. "आई! बाबा! एकोणसत्तर!"

चिमी नाचत बाहेर आली, तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. त्या दिवशी तिने अंडं खाल्लं, पाव खाल्ला, रात्री वरण-भाताला नाही म्हणाली नाही. बायकोने नवऱ्याकडे बघून भुवई उंचावली. काटेवाला ताटात बघून जेवत राहिला. त्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण तिसऱ्या दिवशी ती टेबलापाशी बसलीच नाही. "म्हणजे जमतंय!" तिचे डोळे चमकत होते. "उपास केला की उतरतं, बाबा, फक्त धीर धरायला हवा. आता मी दुपारचं सफरचंदही बंद करणार."

"अगं पण तू म्हणाली होतीस, एकदा आकडा खाली गेला की..."

"गेला ना! मग आता थांबू कशाला?"

करायला गेला एक आणि झालं भलतंच. स्क्रू परत फिरवावा तर आकडा दोन किलोंनी वर जाणार, आणि मग ही पोर पाणीसुद्धा पिणार नाही. खरं सांगावं तर कोणत्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले.

ते दिवस घरात धुक्यासारखे आले आणि गेले. चिमी खिडकीशी बसायची आणि एकच पान अर्धा तास वाचायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. बोलता बोलता तिचं वाक्य मध्येच विरून जायचं आणि ती हसून म्हणायची, "काय बरं म्हणत होते मी?" जिन्यावर तिची पावलं मात्र वाजत राहायची, वर-खाली, वर-खाली, झोपेत चालल्यासारखी. आई रागावून बघे, लाडाने बघे, मागे ताट घेऊन फिरे. चिमी म्हणे, "अगं, काटाच सांगतोय ना!" काट्याचं नाव निघालं की काटेवाला उठून दुसऱ्या खोलीत जायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

एका सकाळी तो बेकरीत पिठाचा काटा तपासत असताना शाळेतून फोन आला. चिमीला मैदानावर चक्कर आली होती.

तो पोचला तेव्हा ती सिस्टरांच्या खोलीत पलंगावर बसून साखरपाणी पीत होती. शाळेतल्या सिस्टर म्हणजे जाड भिंगांचा चष्मा आणि मऊ बोलणं. मऊ बोलून त्या कुणाचीही खोडी काढायच्या.

"या काटेवाले. तुमची लेक हवेवर जगते म्हणे. आम्हाला कृती सांगा, आमचाही खर्च वाचेल." मग त्यांनी चिमीचा हात धरला. "ऊठ हळूच. ये, या काट्यावर उभी राहा."

काटा स्थिरावला. सदुसष्ट.

चिमीने आकड्याकडे पाहिलं. "चुकतोय हा. आज सकाळी घरी पासष्ट होतं."

"हा चुकणार नाही हो. दोन महिन्यांपूर्वी तुझ्याच बाबांनी तपासलाय. ठिपका बघ हवा तर."

चिमीने बापाकडे पाहिलं. दारात उभ्या काटेवाल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. पण तो म्हणाला, "घरचा... बघावा लागेल. स्प्रिंग जुनी झाली असेल." हे म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो म्हणालाच.

सिस्टरांना काट्यांच्या भांडणात रस नव्हता. "पासष्ट असो नाहीतर सदुसष्ट. तीन-चार आठवड्यांत एवढं उतरवलंस, ते काय उतरवलंस ते सांगू? चरबी थोडी, अंगातली ताकद जास्त, आणि अक्कल सगळी." चिमीला हसू आलं नाही. सिस्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ बाळ, तुझी उंची अजून वाढतेय. वाढत्या अंगाला उपाशी ठेवलं की ते घाबरतं आणि मिळेल ते धरून ठेवतं. न्याहरी चुकवायची नाही. अर्ध्या ताटात भाज्या-फळं, उरलेल्या अर्ध्यात थोडा भात आणि डाळ, नाहीतर अंडं. बाटलीतली गोड पेयं सोड. पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खा, त्याने कुणी मरत नाही. झोप पुरी. आणि रोज तासभर अंग हलव, पण जिने नकोत. ती शिक्षा झाली. तुला आवडतं काय?"

चिमीने पेल्यातलं उरलेलं साखरपाणी संपवलं. मग म्हणाली, "पाणी."

"मग पाण्यात जा की! आणि काट्यावर रविवारी एकदाच. रोज गेलं की तोही कंटाळतो." मग त्या बापाकडे वळल्या. "डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि तुम्हीही चाला जरा, सगळं ताट पोरीनेच बदलायचं का?"

काटेवाला चिमीला घेऊन घरी आला. बायकोने तिला सूप प्यायला लावलं, थोडा भात भरवला. मग चिमी उठली, खाली गेली आणि गाडीतली दोन लोखंडी वजनं एकामागून एक वर घेऊन आली. दोन्ही वेळा तिला जिन्यात थांबावं लागलं असणार. काटेवाला पुढे झाला तर तिने नको म्हणून मान हलवली. तिने बाथरूममधला काटा बाहेर आणून सपाट फरशीवर ठेवला, शून्य बघितलं, एक वजन ठेवलं, दुसरं ठेवलं. चार वर्षांची असल्यापासून बापाच्या मांडीवर बसून तिने हेच पाहिलं होतं.

वजनं चाळीस किलोंची होती. काट्याने एकोणचाळीसही पुरते दाखवले नाहीत.

तिने वजनं उतरवली, काटा उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. शाळेतल्या काट्यावरचा ठिपका धुळीने मंद झाला होता. हा नवा होता, चकचकीत.

"ही माझ्या आवडीची शेड आहे," ती म्हणाली. "मीच निवडली होती."

"चिमे..."

"स्प्रिंग जुनी झालीय म्हणालात."

काटेवाला खाली फरशीवर बसला. "मी फिरवला. तू रडत होतीस. मला वाटलं, आकडा खाली दिसला की जेवशील."

"आणि मी जेवले नाही, तेव्हा?"

तो फरशीवरचं लोखंडी वजन उगाच सरळ करत राहिला.

"तीन आठवडे मी कुणाशी झगडत होते, बाबा? तुमच्या स्क्रू ड्रायव्हरशी?" तिचा आवाज चढला नव्हता, फक्त 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. आवाज चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "फिरवलात ते फिरवलात. ठिपका कशाला लावलात?"

हाताची सवय, असं तो म्हणणार होता. पण ते खरं असूनही उत्तर नव्हतं. "चुकलो," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली माझी."

दारात बायको उभी होती. एरवी तिने नवऱ्याला सोलून काढलं असतं. त्या दिवशी ती नुसती आत गेली आणि शिवणयंत्र सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

काटेवाल्याने चिमीच्या समोर काटा उघडला. ठिपका खरवडला, स्क्रू जागेवर आणला, वजनं ठेवून चाळीस दाखवलं, चारी कोपऱ्यांवर दाखवलं. मग नेलपॉलिशची बाटली उघडून ब्रश तिच्यापुढे धरला. "तू लाव."

"नको. राहू दे तसाच."

तो काटा तसाच बिनठिपक्याचा राहिला.

डॉक्टरांनी तपासलं, सिस्टरांनी सांगितलं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं आणि गोळ्या दिल्या. घरातली ताटं बदलली. काटेवाल्यानेही सकाळची गोड बिस्किटं सोडली, ती सोडताना त्याला घर सोडल्यासारखं झालं. संध्याकाळी जवळची कामं तो गाडी ठेवून पायी करायला लागला. चिमी बरोबर यायची. सुरुवातीला ती चार पावलं पुढे चालायची आणि पेटी त्याची त्यालाच धरावी लागायची. पुढे ती बरोबरीने चालायला लागली. एकदा वाटेत तिने न बोलता पेटी आपल्या हातात घेतली. बोलणं कामापुरतंच व्हायचं. पण संध्याकाळचं ऊन सगळ्या गल्लीवर पसरलेलं असायचं, दोघांच्या सावल्या लांब होऊन पुढे चालायच्या, आणि सावल्यांचं एकमेकींशी बरं चाललेलं दिसायचं.

रविवार मात्र कठीण जायचा. सकाळी बाथरूमचं दार लागायचं आणि आतून फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज यायचा. एक वजन. दुसरं वजन. चिमी आधी काटा तपासायची आणि मग त्यावर उभी राहायची. काटेवाला स्वयंपाकघरात अंडी सोलत ते ऐकायचा. तिचं काही चुकत नव्हतं. काटा तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पहिले दोन रविवार आकडा वर गेला, मग हळूहळू, अगदी आळसावल्यासारखा, खाली यायला लागला. सदुसष्ट. साडेसहासष्ट. सहासष्ट. केस गळायचे थांबले. गालांवर रंग आला. जिन्यावरची पावलं बंद झाली. पिशवी अजून खुंटीवरच होती.

नवव्या रविवारी त्याने दोन अंडी सोलली, तिसरं सोललं. लोखंडाचा आवाज आला नाही.

"बाबा, इकडे ये."

बाथरूमचं दार उघडं होतं. लोखंडी वजनं कोपऱ्यात होती तशीच होती. चिमी काट्यावर उभी होती, दोन्ही हातांनी डोळे झाकून.

"तू वाच. मी बघणार नाही."

काटेवाला गुडघ्यांवर बसला. चष्मा नीट केला. आकडा वर गेला होता. गेल्या रविवारी सहासष्ट, आज साडेसहासष्ट. जिभेच्या टोकावर 'सहासष्ट' तयार होतं. किती सोपं होतं ते, स्क्रूलाही हात लावावा लागला नसता. खुंटीवरची पिशवी त्याला दारातून दिसत होती.

"साडेसहासष्ट," तो म्हणाला. "अर्धा किलो वाढलंय."

चिमी डोळे झाकूनच उभी राहिली. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता, स्प्रिंगही त्या श्वासाबरोबर बारीक हलत होती.

"खरं?"

"खरं."

"बरं," ती म्हणाली आणि उतरली.

स्वयंपाकघरात जाऊन तिने सोललेलं अंडं उचललं, पावाबरोबर उभ्या उभ्याच खाल्लं, दूध प्यायली. मग खुंटीवरची पिशवी काढली, आत नाक घालून वास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ई! आई, टॉवेल दुसरा दे." चपला घालता घालता तिने बाथरूमकडे वळून पाहिलं. काटेवाला अजून फरशीवरच होता.

"त्याला ठिपका लाव, बाबा. स्क्रू सैल होईल उगाच."

दार लागलं. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली, सावकाश.

काटेवाल्याने पेटी आणली, काटा मांडीवर उलटा घेतला. बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला जरा वेळ गेला. त्याने स्क्रूच्या डोक्यावर बरोबर मधोमध ठिपका लावला. मग तो वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला.